जुनी टर्बो पेट्रोल गाडी लवकर स्टार्ट होत नाही, आयडलवर थरथरते: दोष कसा शोधायचा

सेल्फ मारल्यावर इंजिन बराच वेळ नुसतेच फिरते, मग कशीबशी गाडी सुरू होते, आणि सुरू झाल्यावर उभ्या जागी स्टीअरिंग थरथरते. गाडी टर्बोची असेल तर नवशिक्याचा पहिला संशय टर्बोवरच जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. टर्बो एक्झॉस्टच्या झोताने फिरतो आणि इंजिनात जादा दाबाने हवा भरतो; या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. स्टार्टिंगला आणि आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, एक्झॉस्टचा झोत इतका कमी असतो की टर्बो बूस्ट देतच नाही. त्या वेळी तो जवळजवळ बेकार बसलेला असतो. दोष असतो तो त्याच्या गोतावळ्यात: जादा पाइप, इंटरकूलर (टर्बोत तापलेली हवा थंड करणारी जाळी), डझनभर क्लॅम्प, एकतर्फी व्हॉल्व्ह, बारीक व्हॅक्यूम होज, आणि या सगळ्याला वर्षानुवर्षे भाजणारी उष्णता.

हा लेख साधारण १९८५ ते २००५ या काळातल्या, इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे नोझल, असलेल्या पेट्रोल टर्बो गाड्यांबद्दल आहे. डिझेलचे शास्त्र वेगळे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांना यातले बरेच काही लागू पडते, पण त्यांच्या हाय प्रेशर पंपाच्या लाइनला हात लावू नका. तिथला दाब ५० बारच्या पुढे असतो आणि ती धार कातडीत घुसते.

बोनेट उघडण्याआधी

आधी त्रास नेमका केव्हा होतो ते लिहून काढा. निम्मे निदान इथेच होते.

सेल्फ मंद फिरतो का, की जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? मंद फिरत असेल तर बॅटरी, अर्थ वायर, सेल्फ मोटर. जोरात फिरूनही पकडत नसेल तर पेट्रोल, स्पार्क, हवा किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर).

रात्रभर उभी राहिल्यावर त्रास होतो, की गरम गाडी वीस-तीस मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करताना? थंड असताना त्रास होत असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर, व्हॅक्यूम गळती, कमकुवत स्पार्क, घटलेले कॉम्प्रेशन. गरम असताना होत असेल तर पेट्रोलचा दाब उतरणे, इंजेक्टर ठिबकणे, क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे मोजणारा) तापून बंद पडणे.

पेट्रोल भरून पंपावरून निघतानाच गाडी नखरे करते का? मग कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला असण्याची दाट शक्यता आहे. टाकीतली वाफ सरळ मॅनिफोल्डमध्ये येते आणि इंजिन त्या वाफेने गुदमरते.

आणि आरपीएमचा काटा बघा. काटा स्थिर आहे पण गाडी थरथरते, तर इंजिन बिचारे नीट चालत असेल आणि इंजिन माउंटिंगचे रबर बसलेले असेल. काटा वरखाली झुलत असेल तर हवेची गळती किंवा आयडल कंट्रोल. काटा अधूनमधून झटका खात असेल तर मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: आधीच्या मालकाने काय काय बदलले? जुन्या टर्बो गाड्या क्वचितच कंपनीतून आल्या तशा राहतात. बूस्ट कंट्रोलर, मोठे इंजेक्टर, बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, तेल लावलेला कापडी एअर फिल्टर, यातले काहीही असेल तर संशयाची सुई आधी तिकडे वळवा. त्या फिल्टरवर तेल जास्त झाले की ते उडून एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर बसते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हबद्दल पुढे येईलच.

हाताशी काय हवे

मल्टिमीटर, स्कॅनर (किंवा जुन्या गाडीसाठी ब्लिंक कोड वाचण्याची माहिती), पेट्रोल प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज, कॉम्प्रेशन गेज, स्पार्क टेस्टर, फीलर गेज, साबणाच्या पाण्याची फवारणी बाटली, थोडे क्लॅम्प, आणि त्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल. पुढे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. पेट्रोलच्या लाइनवर काम करताना अग्निशामक जवळ ठेवा आणि जागा उघडी, हवेशीर असू द्या.

बॅटरी आणि अर्थ

हे पाच मिनिटांचे काम आहे म्हणून लोक टाळतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे अर्धी संपलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५.

मग अर्थ तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ वायर किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. अर्थ खराब असेल तर सेन्सरचे आकडेही चुकतात, आणि मग तुम्ही चांगले सेन्सर बदलत बसता.

कोड आणि लाइव्ह डेटा

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ पद्धतीचे (स्कॅनर लावण्याचे प्रमाणित) सॉकेट सक्तीचे झाले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत डायग्नोस्टिक कनेक्टरच्या दोन पिना जोडून चेक इंजिन दिव्याचे मिचकावणे मोजावे लागते. कोणत्या पिना जोडायच्या ते मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजाने जोडू नका.

कोड म्हणजे निकाल नव्हे, ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) नोंदवलेली तक्रार. पी०१७१ सांगतो की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. का कमी, ते तो सांगत नाही. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसिंग, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला, पी०३०२ दुसऱ्याला. पी०३३५ क्रँक सेन्सर. पी०११७ आणि पी०११८ कूलंट टेंपरेचर सेन्सर.

कोडपेक्षा लाइव्ह डेटा जास्त बोलतो. रात्रभर थंड झालेल्या गाडीत चावी फक्त ऑन करा आणि कूलंटचे तापमान व आत येणाऱ्या हवेचे तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा २२ अंश आणि कूलंट ७० अंश दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन गरम वाटते, तो थंड स्टार्टिंगचे जादा पेट्रोल देत नाही, आणि तुम्ही सेल्फ मारत बसता. उलट झाले, गरम इंजिन थंड दिसले, तर पेट्रोलचा पूर येतो. सेन्सरचा कनेक्टर काढून ओहम मोजा: बहुतेकांचा रोध २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. एक खबरदारी: काही गाड्यांत दोन सेन्सर असतात, एक डॅशबोर्डच्या काट्यासाठी आणि दुसरा ईसीयूसाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणून ईसीयूचा सेन्सर ठीक आहे असे होत नाही.

मग इंजिन पूर्ण गरम करून फ्यूएल ट्रिम बघा. ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो हा आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज १० टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे, असेल तर काळजी नाही. खरी माहिती मिळते ती आयडलचा आकडा आणि २५०० आरपीएमचा आकडा शेजारी ठेवल्यावर.

आयडलला अधिक २०, पण २५०० ला अधिक ४: हवेची गळती. गळतीचे भोक तेवढेच राहते. आयडलला इंजिन थोडी हवा ओढते तेव्हा त्या भोकाचा वाटा मोठा, रेस दिल्यावर एकूण हवेच्या मानाने नगण्य.

आयडलला ठीक, रेस आणि लोडवर अधिक: पेट्रोल पुरत नाही, किंवा एअर फ्लो सेन्सर मळून हवा कमी मोजतोय.

दोन्हीकडे उणे: ठिबकणारा इंजेक्टर, पडदा फाटलेला प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब राखणारा), उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह.

हवेची गळती: वेळ इथेच घाला

टर्बो गाडीच्या हवेच्या वाटेचे तीन टप्पे करा. प्रत्येक टप्प्यातली गळती वेगळे लक्षण देते.

पहिला टप्पा एअर फ्लो सेन्सर ते टर्बोचे तोंड. इथे कायम ओढ असते, त्यामुळे भेगेतून न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण लीन होते. या रबरी पाइपच्या घड्यांच्या खालच्या बाजूला भेगा पडतात, वरून पाहिले तर पाइप नवा वाटतो. काढून, हाताने ताणून, उजेडासमोर धरा.

दुसरा टप्पा टर्बो ते थ्रॉटल बॉडी, मध्ये इंटरकूलर. बूस्ट असताना इथून मोजलेली हवा बाहेर पळते, म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), काळा धूर आणि पिकअप गायब. आयडलला मात्र इथे दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच असतो, म्हणून बारीक भेग आयडलवर कळतही नाही. पण होज क्लॅम्पमधून पूर्ण निसटला असेल तर इंजिन सेन्सरला वळसा घालून हवा घेते, सुरू होते आणि लगेच बंद पडते. काल जोरात चालवली आणि आज सुरूच राहत नाही, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हे होज हलवून बघा.

तिसरा टप्पा थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्ड. आयडलला इथे सर्वांत जास्त व्हॅक्यूम असतो, आणि बूस्टमध्ये याच जागी उलटा दाब. रोज दोन्ही बाजूंनी ओढाताण झाल्याने इथले होज आणि गॅस्केट साध्या गाडीपेक्षा लवकर जातात. ब्रेक बूस्टरचा होज, रेग्युलेटरचा होज, इंजेक्टरच्या बुडाची रबरी रिंग, मॅनिफोल्ड गॅस्केट, सगळे याच टप्प्यात.

गाडीत एअर फ्लो सेन्सर नसेल आणि ईसीयू मॅनिफोल्डच्या दाबावरून पेट्रोल ठरवत असेल, तर चित्र बदलते. गळतीची हवासुद्धा त्या दाबात मोजली जाते, त्यामुळे मिश्रण फारसे लीन होत नाही; आयडलचा आरपीएम चढून राहतो किंवा झुलतो.

गळती शोधायला पुष्कळ लोक कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघतात. टर्बो गाडीवर हे करू नका. लालबुंद होणारे टर्बाइन हाउसिंग हातभर अंतरावर असते आणि तो फवारा पेट घेतो. थंड इंजिन सुरू करून लगेच साध्या पाण्याचा बारीक फवारा सांध्यांवर मारला तरी काम होते: पाण्याने भेग क्षणभर बुजली की आयडल बदलतो. कनेक्टर आणि कॉइलवर मात्र फवारू नका. स्मोक मशीन मिळाले तर उत्तम.

नाहीतर प्रेशर टेस्ट. ती अशी:

१. इंजिन थंड आणि बंद. एअर फ्लो सेन्सरच्या पुढचा पाइप सोडवा. सेन्सरमधून दाब द्यायचा नाही.

२. टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडात नेमके बसेल असे प्लास्टिक पाइपचे बूच घ्या, त्याला भोक पाडून नटाने आवळायचा टायर व्हॉल्व्ह बसवा. बूच क्लॅम्पने घट्ट आवळा. सैल बूच बंदुकीच्या गोळीसारखे सुटते, म्हणून त्याच्या रेषेत उभे राहू नका.

३. क्रँककेसची (इंजिनाच्या तळाच्या, तेलाच्या पोकळीची) वाफ टर्बोच्या आधीच्या पाइपमध्ये आणणारा ब्रीदर होज काढून त्या पाइपचे भोक बंद करा. नाहीतर दाब सरळ क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उलटतील. इंजिन ऑइलचे झाकणही सैल ठेवा.

४. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर आधी ०.३ बारवर ठेवा, मग हळूहळू ०.७ पर्यंत न्या. गाडीच्या मूळ बूस्टच्या पुढे जाऊ नका.

५. कान लावा, मग प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी मारा. इंटरकूलरची टोकेही विसरू नका. तिथे ॲल्युमिनियमला प्लास्टिकची टाकी जोडलेली असते आणि तो जोड झिरपतो. थ्रॉटल जरा उघडा धरला की मॅनिफोल्डमध्येही दाब जातो.

सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आहेत. पान्याने क्रँक नेहमीच्या दिशेने पाव फेरा फिरवा. ऑइलच्या झाकणातून बारीक हवा येणे रिंगांमुळे साहजिक आहे. भसाभस येत असेल तर क्रँककेस व्हेंटिलेशनचा एकतर्फी व्हॉल्व्ह उलट्या दिशेने गळतोय.

ही टेस्ट एका बाबतीत आंधळी आहे. काही गळती फक्त व्हॅक्यूममध्ये उघडतात, दाबाने उलट बंद होतात. क्रँककेस व्हेंटिलेशन त्यातलेच. त्यासाठी इंजिन आयडलला ठेवून ऑइलचे झाकण उचला. हलकी ओढ जाणवणे ठीक. झाकण निघता निघत नसेल, किंवा शिट्टीसारखा आवाज येत असून झाकण उघडताच तो थांबत असेल, तर व्हॉल्व्हचा पडदा फाटला आहे. उलट झाकणातून धूर आणि दाब येत असेल तर व्हेंटिलेशन चोंदले आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत.

आता बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे थ्रॉटल मिटल्यावर बूस्टची हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेणारा व्हॉल्व्ह. त्याचा वरचा बारीक होज काढून हाताच्या पंपाने व्हॅक्यूम द्या. व्हॉल्व्ह उघडला पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. टिकत नसेल तर डायफ्राम फाटला, आणि ती थेट मॅनिफोल्डची गळती झाली. त्या जागी बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावला असेल आणि गाडीत एअर फ्लो सेन्सर असेल, तर प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण क्षणभर रिच होते आणि सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडते. शिवाय स्प्रिंग मऊ असेल तर आयडलच्या व्हॅक्यूमने तो उघडाच राहतो आणि धूळ, न मोजलेली हवा आत घेतो. फुस्स आवाजाची हौस असली तरी तपासणीपुरता तरी मूळ व्हॉल्व्ह परत लावा.

पर्ज व्हॉल्व्हची परीक्षा सोपी. थंड इंजिन आयडलला असताना कॅनिस्टरकडून येणारा होज व्हॉल्व्हपासून काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय.

पेट्रोल

चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत मागून दोन-तीन सेकंद पंपाचा गूं आवाज येतो. येत नसेल तर फ्यूज, रिले, मग पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट.

अवजारांशिवाय होणाऱ्या दोन परीक्षा आधी करा. पहिली: चावी ऑन, पंप थांबेपर्यंत वाट बघा, ऑफ, असे तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी पटकन सुरू झाली तर बंद असताना लाइनमधला दाब उतरतोय. दुसरी: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. पुष्कळ ईसीयू अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात. याने सुरू झाली तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले होते. दोन्ही परीक्षांना प्रतिसाद मिळाला तर ठिबकणारा इंजेक्टर: लाइन रिकामी आणि सिलिंडर ओला.

गेज लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनचा दाब उतरतो. तरीही सांध्याभोवती फडके गुंडाळा. ३ बारचा रेग्युलेटर असेल तर त्याचा व्हॅक्यूम होज काढलेला असताना ३ बार आणि होज लावून आयडलला साधारण २.५ दिसले पाहिजे. टर्बो गाडीत बूस्ट जितका वाढेल तितकाच हा दाबही वाढतो, म्हणून तो बारीक होज भेगाळला तर त्रास आयडललाही होतो आणि लोडवरही. होज काढल्यावर त्यातून पेट्रोलचा वास किंवा थेंब आला तर डायफ्राम फाटला. रेग्युलेटर बदला, पुढची तपासणी तोवर थांबवा.

इंजिन बंद करून गेज बघत राहा. दाब हळूहळू थोडा उतरेल, पण वीस मिनिटांनी निम्म्याहून बराच जास्त उरला पाहिजे. भराभर उतरत असेल तर पुन्हा दाब भरून परतीचा रबरी होज मऊ जबड्याच्या क्लॅम्पने दाबा. उतरणे थांबले तर दोष रेग्युलेटरचा. नाही थांबले तर पंपाकडून येणारा होज दाबा. आता थांबले तर पंपातला एकतर्फी व्हॉल्व्ह. तरीही नाही, तर इंजेक्टर. कडक झालेला जुना होज दाबल्याने चिरतो, आणि प्लास्टिकची लाइन तर दाबायचीच नाही.

गरम गाडीच्या त्रासात टर्बोचा थोडा हात असतो तो इथे. इंजिन बंद केल्यावर टर्बोची धग बोनेटखाली कोंडते, फ्यूएल रेलमधले (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतले) पेट्रोल उकळू बघते. दाब टिकला तर वाफ होत नाही. म्हणून काही कंपन्यांनी गरम स्टार्टिंगला रेग्युलेटरचा व्हॅक्यूम थोडा वेळ तोडणारा सोलेनॉइड दिला होता. तो असेल तर त्याचे दोन्ही होज आणि कनेक्टर बघा.

इंजेक्टरची टिकटिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकू येते. ओहम मोजताना गोंधळू नका: काही इंजेक्टर १२ ते १६ ओहमचे असतात, तर जुन्या टर्बो गाड्यांत २ ते ३ ओहमचेही सापडतात, ज्यांच्यासोबत वेगळा रेझिस्टर पॅक असतो. असा इंजेक्टर थेट १२ व्होल्टला जोडला तर जळतो.

स्पार्क

आयडलला कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधायला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाही तो आळशी सिलिंडर. प्लगची वायर उपटून ही परीक्षा करण्याची जुनी सवय टर्बो गाडीला मारक आहे: न जळलेले पेट्रोल तापलेल्या टर्बाइनमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तिथे पेटते. कॉइललाही ते सोसत नाही.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग कॉइलबरोबर गेले तर कॉइल दोषी. तिथेच राहिले तर प्लग तसाच अदलून बघा, मग इंजेक्टर.

प्लग थंड इंजिनातून काढा आणि क्रमाने मांडून ठेवा. कोरडी काजळी म्हणजे रिच. ओले, तेलकट टोक म्हणजे व्हॉल्व्ह सील, रिंगा किंवा टर्बोचे सील. पांढरेफटक म्हणजे लीन किंवा अति उष्णता. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातेय, हेड गॅस्केटकडे बघा. प्लगच्या खड्ड्यात तेल साचले असेल तर दोष टॅपेट कव्हरच्या गॅस्केटचा, आणि ते तेल कॉइलचे रबर खाते.

गॅप फीलर गेजने मोजा. टर्बो इंजिनांना बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागतो, कारण बूस्टमधल्या दाट मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत लोक ०.५ पर्यंत उतरतात. लोडवरचे मिसिंग जाते, पण आयडलला इतकी तोकडी ठिणगी पातळ मिश्रण नीट पेटवत नाही, आणि मग हीच थरथर. इरिडियम प्लगच्या मधल्या बारीक टोकावर गेज टेकवून जोर देऊ नका, ते तुटते.

स्पार्क अजिबातच नसेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. पुष्कळ गाड्यांत तो थोडा उचलतो. ढिम्म राहिला तर क्रँक सेन्सर संशयित. गरम झाल्यावर बंद पडणे आणि तासाभराने थंड झाल्यावर मुकाट सुरू होणे ही त्याची ठरलेली खोड आहे. त्रास होत असतानाच तपासा, थंड झाल्यावर त्याचे ओहम बरोबर येतात.

थ्रॉटल बॉडी आणि एअर फ्लो सेन्सर

थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये तेलकट काजळी बसते. टर्बो गाडीत ती लवकर बसते, कारण क्रँककेसची तेलकट वाफ याच वाटेने फिरते. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा. एअर फ्लो सेन्सरच्या तारेला मात्र फक्त त्याच्यासाठी असलेला क्लीनर, लांबून, हात न लावता, आणि पूर्ण वाळू द्या. आयडलला त्याचा आकडा इंजिनाच्या दर लिटरमागे सेकंदाला १ ते १.५ ग्रॅमच्या जवळपास असतो. कनेक्टर काढल्यावर इंजिन उलट सुधारले तर सेन्सरवर संशय पक्का होतो.

थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडल वाढवू नका. दोष तसाच राहतो आणि ईसीयूला थ्रॉटल मिटला आहे हेच कळेनासे होते.

इंजिनाची तब्येत

वरचे सगळे ठीक निघाले तर व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. गरम इंजिन, आयडल: समुद्रसपाटीला काटा (पाऱ्याच्या) १७ ते २१ इंचांवर स्थिर हवा. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण १२-१४ वर असेल तर टायमिंग बेल्ट एक दात सरकला आहे, चेन ताणली आहे किंवा मोठी गळती आहे. ठरावीक लयीत काटा झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

कॉम्प्रेशन टेस्टला इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. टर्बो इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मुळात कमी, बहुधा ८ ते ९ असतो, म्हणून आकडा साध्या इंजिनापेक्षा कमी आला तर दचकू नका. ९ ते १२ बार आणि सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर चालेल. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर बहुधा त्यांच्यामधले हेड गॅस्केट.

टर्बो स्वतः बघायचा तो सगळ्यात शेवटी. थंड इंजिनावर त्याच्या तोंडाचा पाइप काढा आणि दांडा दोन बोटांनी हलवा. आडवी किंचित हालचाल चालते, पण पाती हाउसिंगला घासता कामा नयेत. आत-बाहेर हालचाल हाताला जाणवलीच तर बेअरिंग संपले. बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर निळा धूर येत असेल तर टर्बोचे किंवा व्हॉल्व्हचे सील. त्यातल्या त्यात इंटरकूलरच्या खालच्या होजमध्ये तेल साचलेले सापडले तर पारडे टर्बोकडे झुकते. नुसता तेलाचा पातळ थर तिथे नेहमीच असतो.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा. बॅटरी काढून ईसीयू रिसेट करणार असाल तर आधी जुन्या रेडिओचा कोड हाताशी आहे का बघा. एसी आणि दिवे बंद ठेवून गाडी गरम होईपर्यंत आयडलवर सोडा, मग एसी लावून काही मिनिटे. अनेक ईसीयू याच वेळात आयडल नव्याने शिकतात. पहिले काही किलोमीटर आयडल थोडा चुकला तर लगेच पुन्हा पाने हातात घेऊ नका. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर फ्यूएल ट्रिम परत वाचा, आणि एकदा रात्रभर उभी ठेवून थंड स्टार्टिंग, एकदा अर्धा तास थांबून गरम स्टार्टिंग, दोन्ही करून बघा. आधी आयडलला अधिक २० असलेला आकडा १० च्या आत आला नसेल, तर सापडलेल्या गळतीच्या जोडीला दुसरी शिल्लक आहे. जुन्या होजमध्ये हे नेहमीचे आहे, म्हणून प्रेशर टेस्टचे बूच फेकून देऊ नका.